परत मिळालेला तास

कॅलेहून डोव्हरला जाणाऱ्या बोटीवर बरोबर पाच वाजता आमचं भांडण झालं. लंडनमधल्या भाचीसाठी बायकोने फ्रान्सभर जपलेल्या शंकरपाळ्या मी डेकवर उभा राहून सीगलना खाऊ घातल्या होत्या. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

अर्ध्या तासाने इंग्लंडचे पांढरे कडे दिसले. तिथलं घड्याळ तासभर मागे असतं. मी काटे फिरवले आणि मनगट तिच्यापुढे धरलं. "बघ, साडेचारच वाजलेत. आपलं भांडण अजून झालेलंच नाही!"

तिला हसू फुटलं. असा एकेक तास परत मिळत गेला असता, तर आमच्या संसारातली निम्मी भांडणं व्हायचीच राहिली असती.

"अहो, मग पिशवीत शंकरपाळ्याही असतीलच," ती म्हणाली. "काढा बघू."

खिडकीबाहेर एक सीगल अजून आशेने आमच्याबरोबर उडत होता.