ब्रेकवर न ठेवलेला पाय

अंबोकिले म्वाइकेंडाला डावा कान नव्हता, आणि उजवा गुडघा होता तो नावापुरता. दोन्ही एकाच दिवशी गेले. तेव्हा तो बस चालवायचा. म्बेयाहून दार-ए-सलामला येताना किटोंगाच्या उतारावर ब्रेक गेले, बस कठडा तोडून खाली कोसळली आणि अकरा माणसं मेली. अंबोकिले काच फोडून बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, आणि तोच त्याचा गुन्हा ठरला. लोकांनी हाताला येईल त्याने त्याला मारलं. कान चाकाच्या पान्याने गेला. गुडघ्यावर एका बाईने दगड घातला, एकदा नाही, चारदा. तिची मुलगी बसमध्ये होती. पोलीस आले म्हणून तो वाचला, नाहीतर गळ्यात घालून पेटवायला टायर आणायला माणूस गेलाच होता.

पुढे कोर्टात तो सुटला. दोष ब्रेकचा निघाला. पण घरी आल्यावर त्याने बायकोला, तुसाजिग्वेला, सांगून टाकलं की यापुढे ज्या गाडीत दुसरं माणूस असेल ती गाडी तो चालवणार नाही. मग दार-ए-सलामच्या बंदरात जपानहून उतरणाऱ्या जुन्या गाड्या सरहद्दीवर तुंडुमाला पोचवायचं काम त्याने धरलं. तिथून पुढे झांबियाची, काँगोची गिऱ्हाइकं त्या घेऊन जात. गाडीत एकटा तो. परतताना मात्र बसनेच यावं लागे, तेव्हा तो शेवटच्या बाकावर बसून डोळे मिटून घ्यायचा आणि घाट ओलांडेपर्यंत उघडायचा नाही.

दिवसभर पाय पेडलवर दाबून धरला की मोडक्या गुडघ्यात सुऱ्या फिरल्यासारखं व्हायचं. म्हणून क्रूझ कंट्रोल असलेली गाडी मिळाली की तो दिवस त्याला सणासारखा. स्टिअरिंगखालची छोटी दांडी दाबायची, ऐंशीला लावायची आणि पाय काढून घ्यायचे. दांडी वर केली की वेग वाढतो, खाली केली की उतरतो. ब्रेकला नुसता पाय लागला की सगळं सुटतं. समोर बैल असो की भिंत, त्या गाडीला त्याचं सोयरसुतक नसतं. सांगितलेल्या वेगाने ती जाते. ड्रायव्हर तिला ‘आंधळी’ म्हणायचे.

नंतर ‘डोळस’ गाड्या यायला लागल्या. त्यांच्या नाकात रडार. पुढची गाडी हळू झाली की या आपोआप हळू होतात, ती थांबली की थांबतात, आणि वर जपानी बाई काहीतरी बडबडते. अंबोकिलेला त्यांचा राग यायचा. बस आडवी घुसली की गाडी मानगूट धरल्यासारखी मागे खेचायची आणि याचं डोकं पुढे आपटायचं. असली गाडी वाट्याला आली तर तो रडार वापरायचाच नाही. दुखऱ्या पायाने चालवायचा.

तातू मकोम्वा ही या गाड्या पोचवणाऱ्यांतली एकुलती एक बाई. बागामोयोच्या कोळ्याची मुलगी, वय तीसच्या आत. नवऱ्याने एकदा हात उगारला तेव्हा त्याच्याच वल्ह्याने त्याचा दात पाडून घराबाहेर पडलेली. तिला डोळस गाड्या आवडायच्या. मालाच्या ट्रकांमागे तासन्‌तास रांगेत चालायचं असतं, तिथे आंधळीला सारखं सोडायचं आणि परत लावायचं, यात काय शहाणपण, असं ती म्हणायची. रुआहा म्बुयुनीला कांद्याच्या ढिगांमागे चहाची टपरी आहे, तिथे सगळे थांबत. तळलेल्या गोड मांदाझी चहात बुडवता बुडवता या दोघांचं रोजचं भांडण, आणि बाकीच्यांची करमणूक.

एकदा तिथेच अंबोकिले म्हणाला, “तातू, तुझ्या त्या डोळस बयेच्या पुढं कुणी हळूहळू चाललं ना, तर ती बकरीसारखी मागं मागं जाईल. खाटकाच्या दारापर्यंत.”

सगळे हसले. लॉरेंटी म्हणून एक जण सगळ्यांत मोठ्याने हसला. तोही गाड्याच पोचवायचा. हात चांगला होता, पण डोकं फिरलेलं. दोन गाड्यांचे आरसे आणि एक सुटं चाक विकल्यावर काम देणाऱ्या एजंटने त्याला हाकललं. त्या गोष्टीला तेव्हा महिनाही झाला नव्हता, पण म्बुयुनीच्या टपरीवर तो अजून यायचा.

सप्टेंबरातली गोष्ट. मकांबाकोच्या थंड वाऱ्यात सकाळचा चहा घेऊन दोघं निघाली. पुढे तातू, काळ्या उंच डोळस गाडीत. मागे तीन-चार किलोमीटरवर अंबोकिले, एका रुपेरी आंधळीत. घाट उतरून इगावाच्या बाजूला रस्ता सुरीने कापल्यासारखा सरळ होतो. दोन्ही बाजूंना जाळलेलं गवत, काळी जमीन आणि वर गिधाडं. दहा वाजले असतील. फोन स्पीकरवर ठेवून दोघं बोलत होती. पुढे एक पांढरी पिकअप रेंगाळतेय, तातूने सांगितलं, आणि माझी गाडी बघा कशी शहाण्यासारखी हळू झाली. अंबोकिलेने तिला पुढे काढायला सांगितलं. समोरून ट्रकांची रांग येतेय, ती म्हणाली.

“म्झे,” ती म्हणाली. तिकडे वडीलधाऱ्याला अशीच हाक मारतात. “पिकअप चाळीसवर आलीय. आता तीस. मागं एक लाल गाडी चिकटलीय.”

अंबोकिले फोनवर ओरडला. “डावीकडं काढ. रस्ता सोड, गवतात घाल गाडी.”

“पिकअप थांबली,” तातू म्हणाली, आणि त्याच क्षणी काच फुटल्याचा आवाज आला. मग तिची किंकाळी. मग फोनमध्ये नुसते बुटांचे आवाज आणि कुणीतरी शिव्या देत होतं.

अंबोकिलेने दांडी वर केली. ऐंशी, नव्वद, शंभर, एकशे दहा. ट्रकांची रांग त्याच्या बाजूने सुसाट निघून गेली. एकानेही थांबायचं नाव काढलं नव्हतं. मग रस्ता रिकामा झाला आणि त्याला दूरवर ते तीन ठिपके दिसले. पांढरी पिकअप रस्त्यावर आडवी, तिच्या नाकाशी काळी गाडी, तिच्या पाठीला लाल. तातूला त्यांनी केस धरून बाहेर ओढलं होतं आणि रस्त्याकडेच्या राखेत पाडलं होतं. ती किल्ली सोडत नव्हती. एकाने कोयता उचलला, खाली आणला, आणि तिची मूठ उघडली.

लाल गाडीच्या मागे बंदूक घेतलेला एक जण उभा होता. त्याने येणाऱ्या गाडीकडे बघितलं आणि हात वर केला, थांब म्हणून. त्याला खात्री होती की ही थांबेल. बंदूक बघून सगळेच थांबतात.

अंबोकिलेने दांडी खाली दाबून धरली. त्याला मरायचं नव्हतं. एकशे दहाने आदळलो तर आपण संपलो, आणि फार हळू गेलो तर हा बाजूला उडी मारेल, एवढं त्याला कळत होतं. तातू रस्त्यावर नव्हती, कडेला होती, हेही त्याने बघून घेतलं. आकडा उतरत उतरत साठला आला तेव्हा त्याने दांडी सोडली. उजवा पाय आपण होऊन ब्रेककडे निघाला. वीस वर्षांची सवय ती. त्याने तो पाय मांडीच्या सगळ्या जोराने मागे ओढला, सीटखाली दाबून धरला आणि स्टिअरिंग घट्ट पकडलं. बाकीचं गाडीने केलं.

बंदूकवाल्याला शेवटच्या क्षणी कळलं. त्याने गोळी झाडली, समोरची काच पांढरी झाली, आणि मग धडक बसली. माणूस दोन गाड्यांच्या मध्ये चेंगरला. अंबोकिलेच्या कपाळाची कातडी फाटून डोळ्यावर आली, पट्ट्याने छातीच्या दोन फासळ्या मोडल्या. इंजिन बंद पडलं तेव्हा त्याला बंदूकवाल्याचा चेहरा बॉनेटवर टेकलेला दिसला. डोळे उघडे होते. तो आणखी थोडा वेळ जिवंत होता, आणि अंबोकिलेकडेच बघत होता.

पिकअपमधले गाडीसकट पळाले. कोयतेवाला मागे राहिला. तो जळक्या गवतातून धावत सुटला. पण धडकेचा आवाज शेतांत पोचला होता. भाताच्या खाचरांतून, गुरांमागून माणसं आली. त्यांनी त्याला शंभर पावलांच्या आत धरला आणि पाय धरून फरपटत रस्त्यावर आणला. काठ्या, दगड, लाथा. कुणीतरी तातूच्या गाडीचं सुटं चाक काढत होतं, कुणीतरी बाटलीत पेट्रोल भरत होतं.

तातूने आपल्या कांगाच्या कापडाने हात करकचून बांधला होता. कापड लाल झालं होतं. दोन बोटं राखेत पडली होती, आणि ती त्यांच्याकडे न बघता त्या गर्दीकडे बघत होती.

“जाळू दे,” ती म्हणाली. “मला बघायचंय.”

अंबोकिले लंगडत गर्दीत शिरला. लोकांना वाटलं, हा ज्याच्यावर हल्ला झाला तो, याचा पहिला हक्क, म्हणून त्यांनी वाट दिली. तो त्या माणसावर आडवा पडला. पाठीवर काठ्या पडत राहिल्या, एक मोडकी फासळी आत घुसल्यासारखी झाली, पण तो उठेना. म्हातारा खुळा झालाय, ओढा त्याला, असं कुणीतरी ओरडलं. का पडलास, असं पुढे अनेकांनी विचारलं. त्याचं उत्तर एकच होतं: रबराचा वास आला म्हणून.

मग त्याच्याखाली पडलेल्याचं तोंड हललं. “म्झे अंबोकिले. मी लॉरेंटी.”

रक्ताने आणि राखेने चेहरा ओळखू येत नव्हता, पण आवाज तोच होता. लॉरेंटी रडत होता. बंदर सोडलं तेव्हापासून तातूची गाडी माहीत होती, तो म्हणाला, डोळस आहे हे माहीत होतं. “तुम्हीच म्हणाला होता ना, बकरीसारखी मागं येईल म्हणून. माझं डोकं नव्हे हे, म्झे. तुमचं.”

अंबोकिलेचे हात त्याच्या गळ्याभोवती गेले. ज्या अंगाने त्याने लॉरेंटीला काठ्यांपासून झाकलं होतं, त्याच अंगाचा भार आता त्याने अंगठ्यांवर टाकला. लॉरेंटीची जीभ बाहेर आली. गर्दीतल्या लोकांना काय चाललंय हे कळेना. हा वाचवतोय की मारतोय? ते काठ्या खाली करून उभे राहिले. इगावाहून पोलीस आले, त्यांनी हवेत दोन बार काढले, आणि चौघांनी मिळून अंबोकिलेची बोटं एकेक करून सोडवली.

म्बेयाच्या सरकारी दवाखान्यात इन्स्पेक्टर जबाब घ्यायला आला. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. ब्रेक लागले नाहीत असं लिहू या का, त्याने विचारलं. तसं लिहिलं की प्रकरण सोपं होतं.

“ब्रेक चांगले होते,” अंबोकिले म्हणाला.

“मग ॲक्सिलरेटर दाबलात?”

“नाही.”

“मग केलं काय तुम्ही?”

“काहीच नाही साहेब. पाय काढून घेतला.”

इन्स्पेक्टरने बराच वेळ पेन तोंडात धरलं. शेवटी त्याने जिवाच्या भीतीने टक्कर झाली असं लिहिलं, आणि खटला झाला तो फक्त लॉरेंटीवर. त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. मेलेल्याचं नाव एनोस होतं आणि तो चिमालाचा होता, हे अंबोकिलेला कोर्टातच कळलं. एनोसची आई तिथे आली होती. अंबोकिले बाकावरून उठला आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, मारलं तर मारू दे म्हणून. ती त्याच्याकडे न बघता बाजूने निघून गेली.

त्यानंतर तो तुकुयूला घरी आला तो आलाच. चहाच्या मळ्यात पानांच्या गोण्या वाहणारा ट्रॅक्टर त्याला मिळाला. पण झोपेत त्याचा उजवा पाय ताडकन ताठ होऊन पलंगाच्या पायथ्याला आपटायचा. तुसाजिग्वे सुरुवातीला त्याला उठवायची, पाणी द्यायची, पाय चोळायची. एका पहाटे पायथ्याची फळी मोडली. तेव्हा तिने पलंग बाहेर काढला आणि गादी जमिनीवर घातली.

पुढच्या वर्षी जूनच्या धुक्यात तातू आली. तुंडुमाला गाडी न्यायची होती, वाट वाकडी करून आली. तीन बोटांच्या हाताने तिने सुक्या माशांची गाठोडी तुसाजिग्वेच्या हाती दिली. सगळ्यांनी मिळून उकडलेली केळी आणि घेवडा खाल्ला. गाडी डोळसच होती. आता पुढे कुणी उगाच हळू चालला की मी रडार बंद करते, ती म्हणाली, आणि गवतात गाडी कशी घालायची ते शिकून घेतलंय.

जेवण झाल्यावर अंबोकिलेने अंगणात तिला विचारलं. गेले नऊ महिने विचारायचं होतं ते. म्बुयुनीला आपण ते बोललो नसतो तर?

“तुम्ही नुसतं बोललात,” तातू म्हणाली. “कोयता त्याच्या हातात होता.” मग तिने सांगून टाकलं, “पण तुम्ही त्याच्या अंगावर जाऊन पडलात ना, त्याचा मला अजून राग येतो. खोटं कशाला बोलू.”

“येऊ दे,” तो म्हणाला. “तो मेला नाही याचा मलाही कधी कधी येतो. आणि दुसरा मेला त्याचाही.”

ती निघाली तेव्हा बाजारच्या फाट्यापर्यंत सोड, असं तो म्हणाला आणि तिच्या शेजारी बसला. वाट उताराची होती, पण या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. एका वळणावर त्याचा पाय दोनदा जोरात खाली आपटला. तातूने बघितलं आणि गाडी आणखी हळू केली. फाट्यावर तो उतरला. ती म्बेयाच्या दिशेने गेली, आणि तो पाच किलोमीटर चढ चालत, मध्ये तीन वेळा गुडघा धरून बसत, दिवेलागणीला घरी पोचला.