दोन मिनिटांचा सोलो

हसणार असाल तर शेवटी हसा, कारण यात एक चांगला माणूस गेलेला आहे. आणि जी माती खाल्ली ती मीच खाल्ली.

मी कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर असतो, आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. चार जाड तारा. लग्नात तुमच्या पोटात जे धुम धुम होतं ना, तो मी! तुम्ही मला कधी बघितलं नसेल. कुणीच बघत नाही.

ऑर्केस्ट्रा कोरेगावच्या आप्पांचा. ते कीबोर्ड वाजवायचे. त्यांचं नि माझं सोळा वर्षं एकच भांडण : बेसवाल्यानं सोलो वाजवावा का?

माझ्या मोबाईलमध्ये जगभरातले बेसचे सोलो भरलेले. त्यातला एक माझा जीव की प्राण. एक म्हातारा डोळे मिटून सहा मिनिटं वाजवतो, आणि दोन सुरांच्या मध्ये इतकी जागा सोडतो की आपलाच श्वास ऐकू येतो. फलटणच्या एका लग्नाहून परतताना गाडीत मी तो आप्पांना ऐकवला. त्यांनी पूर्ण ऐकला, शांतपणे. मग म्हणाले, "चांगलं हाय. गाणं कवा सुरू हुतंय?"

"आप्पा, हेच गाणं!"

"दिलीप, पाया कितीबी चांगला असला तरी लोकं घर बघाय येत्यात, गड्या."

मी दोन दिवस बोललो नाही त्यांच्याशी. आता वाटतं, कशाला वाया घालवले ते दोन दिवस.

कारण गेल्या वर्षी आप्पा गेले. सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत खेळ संपला होता.

वर्षश्राद्धाच्या आधी काकींचा, म्हणजे आप्पांच्या बायकोचा, फोन आला. "दिलीप, हॉलवर कार्यक्रम ठेवलाय. भाषणं झाली की तुमची भजनं. पण त्याच्या आदी दोन मिनिटं तुझ्याकडं."

माझ्या अंगावर काटा आला. "माझ्या एकट्याकडं, काकी?"

"व्हय. त्यांचा तुझ्यावर लय जीव हुता."

"काकी, दोनच मिनिटं?"

"दोन लय झाली. त्याच्यावर लोकांस्नी दम निघत न्हाई."

हे मात्र खरं होतं. बेसला एवढा वेळ कोण देतं? "मला जमेल का?" मी विचारलं.

"त्यात काय जमायचंय? मनापासनं कर म्हंजे झालं."

आता सांगा, यात माझी काय चूक? पंधरा दिवस मी लेथवर उभा राहून मनात वाजवत होतो. आप्पांचा कीबोर्ड जिथं यायचा, तिथं मोकळी जागा सोडायची असं ठरवलं.

कार्यक्रमाची सकाळ. हॉल भरलेला. सूत्रसंचालनाला एक गुरुजी होते. भाषणं झाली. गुरुजी गंभीर आवाजात म्हणाले, "आता दोन मिनिटं. सर्वांनी कृपया उभं राहावं. दिलीपराव, घ्या."

सर्वांनी उभं राहावं! बेसच्या सोलोला! अख्खा हॉल उठला हो. पहिल्या रांगेत आप्पांचे थोरले भाऊ, सैन्यातले निवृत्त सुभेदार, ते तर सावधानमध्ये. माझे डोळे तिथंच भरले.

गुरुजींनी माइक पुढं केला. मी हळूच म्हणालो, "मला माइक लागत नाही."

"बरोबर आहे," ते म्हणाले आणि मान खाली घालून उभे राहिले.

मी सुरुवात केली. प्रसंगच तसा, म्हणून आवाज अगदी बारीक ठेवलेला. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आप्पांच्या जागेपाशी आलो, थांबलो, आणि तिथं काहीच आलं नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा. मग मला थांबताच येईना. वाजवत राहिलो, रडत राहिलो.

पाच मिनिटं झाली असतील. लोक अजून उभेच! दुसऱ्या रांगेतल्या एका आजींनी खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं, भारावल्या. मागून आमचा ढोलकीवाला बबन दबक्या आवाजात ओरडायला लागला. मला ऐकू आलं, "बेस! बेस!" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बेस मागत होतं! मी आणखी जोर धरला.

बबन म्हणत होता, "बसव! बसव!"

शेवटी काकी स्टेजवर आल्या आणि त्यांनी माझ्या तारांवर हात ठेवला. "दिलीप, लोकांस्नी बसाय सांग. मी तुला दोन मिनिटांची शांतता सांगितली हुती रं."

शांतता! म्हणजे मी 'ओम शांती' म्हणायचं आणि मग लोकांनी बसायचं. मी गळ्यातली गिटार काढायला लागलो. गुरुजींनीच 'शांती' म्हटलं आणि दोनशे माणसं हुश्श करून खाली टेकली.

"काकी, आधीच थांबवायचं ना मला," मी म्हणालो.

"येणारच हुते. पण तू रडत हुतास. म्हटलं, मोकळा हू दे." त्यांनी पदर डोळ्याला लावला. "आन् मधी मधी थांबत हुतास ना, तितं मला ह्यांचं वाजवणं ऐकू आल्यागत झालं."

बास! सोळा वर्षांच्या भांडणाचा निकाल लागला असं मला वाटलं. बेसवाल्यानं सोलो वाजवावा!

भजनं संपली, जेवणं झाली. सुभेदार काठी टेकत माझ्याकडं आले. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

"शाब्बास. एवढी लांब शांतता मी फौजेतबी पाळली न्हाई. लय बरं वाटलं."

मी सुखावलो. "आवं, मनापासनं केलं."

"तेवढं फकस्त," ते कानाशी वाकून म्हणाले, "मागं जनरेटर चालू हुता, त्यो कुणाला तरी बंद कराय सांगायचा हुता."