पवायला शिकवणारी माझी नणंद

फोन भावोजींचा होता. "वयनी, सुनंदा गेली," एवढंच बोलले आणि फोन तसाच चालू राहिला… पलीकडे हॉस्पिटलच्या जिन्यात कुणाच्या तरी चपला वाजत होत्या. त्याला आता महिना होऊन गेला.

सुनंदा माझी नणंद, रोह्याला भावोजींच्या घरी दिलेली. मी लग्न होऊन पेणला आले, त्याच उन्हाळ्यात तिनं मला घरी बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिका नदीत उतरवलं. भीतीनं मी तिचं मनगट आवळलं. "सोड गो, मी हाय ना," म्हणत तिनं माझ्या पाठीखाली तळवा धरला आणि मला पाण्यावर आडवं केलं. गावातल्या कितीतरी बायका अशाच तिच्या तळहातावर पवायला शिकल्या. पुढे वस्ती वाढली, गटारं नदीत उतरली, पाण्याला वास येऊ लागला. शिकणाऱ्या यायच्या थांबल्या. ती मात्र जातच राहिली. कुणी टोकलं तर विषय बदलायची.

गेल्या भाद्रपदात शेजारची रुखसाना घाटावर गोधडी धुताना घसरून पाण्यात पडली. तेव्हाच पवायला आलेल्या, साठी उलटलेल्या सुनंदानं उडी घेतली आणि तिला ओढून काठाला आणलं. त्या गडबडीत पाण्यातल्या कसल्याशा पत्र्यानं सुनंदाची पोटरी कापली. टाके पडले, इंजेक्शन झालं; तरी पाय सुजत गेला, काळवंडला. पनवेलच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "जखमेतले जंतू औषधांना दाद देत नाहीत. सांडपाण्यातून असे निबर झालेले जंतू नदीत येतात. हे तिथलेच असावेत, पण खात्रीनं नाही सांगता येत." मी रागानं नदीला नाही नाही ते बोलले. तापानं फणफणलेल्या सुनंदानं माझा हात धरला. "नदीला नको गो बोलू. आपनच सोडलंय ना तिच्यात सगळं…"

शेवटी पाय काढायचं ठरलं. "एका पायानं पवता येतं का हो?" तिनं विचारलं. तरुण डॉक्टरनं हातातली फाईल मिटली. मग म्हणाला, "येतं, मावशी." ती हसली. पाय काढला, पण तोवर विष रक्तात भिनलं होतं. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही.

तेराव्यानंतर मी रोह्याला राहिले होते. न्हाणीघराच्या दारामागे खिळ्याला तिचा पवायला जायचा निळा पंजाबी ड्रेस अडकवलेला होता, त्या दिवशीच्या गाळासकट. भावोजींनी त्याला हात लावला नव्हता. रुखसाना आली, त्या ड्रेससमोर उभी राहून रडली. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "भाई, मी धुऊन आणू?"

भावोजी उठून दारामागे गेले. मग स्वतः ड्रेस खिळ्यावरून काढून त्यांनी तिच्या हातात दिला.

"धू. पन नदीवर नको नेऊ गो."