पावणेतीन मोठे की साडेतीन?

माझ्या बायकोचं वजन साडेतीन किलोंनी कमी झालं आणि त्यापायी आमचा संसार मोडायची वेळ आली.

गोष्ट पंच्याऐंशी सालची. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत महिला मंडळाने महिनाभराची वजन घटवण्याची स्पर्धा ठेवली. बक्षीस नॉनस्टिक तवा! (तेव्हा सोसायटीत एकाही घरात तो नव्हता.) त्या तव्यासाठी सुनंदाने, म्हणजे आमच्या हिने, भात सोडला, साखर सोडली आणि माझ्याशी गोड बोलणंही सोडलं. परीक्षक म्हणून मंडळाने मला नेमलं, कारण 'आपलं गणित एकदम पक्कं' असं मीच जिन्याजिन्यात सांगत फिरायचो.

निकालाच्या दिवशी गच्चीवर स्पर्धेतल्या चौघींच्या चिठ्ठ्या हातात आल्या. वाढलं तर अधिक, घटलं तर उणे. दोघींनी वाण्याच्या काट्यावर वजन केलेलं, दोघींनी दवाखान्यात. म्हणून दोन ठिकाणी अपूर्णांक, दोन ठिकाणी दशांश! सावंतवहिनी +१½, शाहबेन −२¾, कांबळेबाई −३.२५ आणि सुनंदा −३.५. मी ऐटीत माईक धरला. सगळ्यात मोठी संख्या पहिली, आणि अधिक तर उण्यापेक्षा कधीही मोठं!

"पहिला क्रमांक, सावंतवहिनी!"

"गे बाय माझे!" सावंतवहिनी ओरडल्या. "अवो भावजी, माजा वजन दीड किलोन वाढला!"

"आणि मी शेवटची?" सुनंदाने विचारलं. (अगदी हळू आवाजात. लग्न झालेल्यांना यातला धोका कळेल.)

"सॉरी, सॉरी! वहिनी बाद! आता उणेबिणे विसरा," मी घाईघाईने म्हणालो. "तीन दोघींकडे आहेत. पुढे एकीचे पंचवीस, एकीचे नुसते पाच. पहिल्या कांबळेबाई!"

कांबळेबाई शाळेत गणित शिकवायच्या. त्या उठून उभ्याच राहिल्या. "अहो, तीन पॉइंट पंचवीस म्हणजे सव्वातीन आणि तीन पॉइंट पाच म्हणजे साडेतीन! पाचवीतल्या पोराने असं केलं तर मी त्याच्या बापाला बोलावते!"

लोक हसायला लागले. माझी पार वाट लागली.

"अने माझा पावणेतीनचा काय?" शाहबेनने विचारलं.

"पावणे म्हणजे पाव कमी!" मी किंचाळलो. "आणि स्पर्धाच मुळी कमी करायची आहे! पहिल्या शाहबेन!"

शाहबेन तवा उचलून निघाल्या. सुनंदाने दांडा पकडला.

"सोड ना गं! तुझ्या नवऱ्यानेच दिला!"

"त्याला काय कळतंय!"

शेवटी कांबळेबाईंनी खडू मागवला. फरशीवर लांबलचक रेघ ओढली, मधे शून्य काढलं आणि चौघींना आपापल्या आकड्यावर उभं केलं. सावंतवहिनी उजवीकडे एकट्याच, खुशीत. डावीकडे पावणेतीनवर शाहबेन, त्यांच्या पलीकडे सव्वातीनवर स्वतः बाई आणि पार पाण्याच्या टाकीला टेकून साडेतीनवर सुनंदा!

"दिसलं? शून्याच्या डावीकडे जी सगळ्यात लांब, तिचं सगळ्यात जास्त घटलं," बाई म्हणाल्या.

शाहबेननेच पुढे होऊन तवा सुनंदाच्या हातात दिला. ती महिन्याभरात पहिल्यांदा हसली. मीही टाळ्या वाजवल्या (जरा लांबूनच, दांडा आता तिच्या हातात होता).

त्यानंतरही मंडळ दर कार्यक्रमाला मला आवर्जून बोलावतं. सतरंज्या घालायला! त्याही कांबळेबाई मोजून देतात.