गुळमुळीत बोलायचं न्हाई

पलूसला सलूनसमोरच्या बाकावर आम्ही तीन-चार म्हातारे रोज बसतो. कामधाम काही नाही, त्यामुळे किस्से आपोआप साठत जातात. सगळ्यात जास्त साठलेत ते बापूंचे.

बापू फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांना एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे गुळमुळीत बोलणं. होय म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही; समोरच्यानं काय ते ओळखून घ्यायचं. आणि नेमकी त्यांच्यावरच लेकीचं लग्न जमवायची वेळ आली. रूपालीची आई लवकर गेली. पोरीला बापूंनीच वाढवलं. पाहुणे यायचे असले की ते मलाही शेजारी बसवून घेत.

*

पहिले पाहुणे कराडचे. पोह्यांची दुसरी बशी संपवून म्हणाले, "कळवतो."

बापूंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढं धरलं. "कुठल्या तारखेला?"

पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले.

*

दुसऱ्यांचा फोन आला. "स्थळ चांगलं हाय, पण पत्रिका जुळत न्हाई."

"आवं, पत्रिका अजून दिलीच न्हाई आमी."

"हॅलो? हॅलो? हितं रेंज न्हाई बगा."

*

बाकावर आमचे इलाहीभाई टेलर म्हणाले, "बापू, पाव्हण्यांना असं कोंडीत पकडू नगा. पोरगी घरातच ऱ्हाईल."

"ते ऱ्हाऊ द्या. माझी पँट शिवून झाली का?"

"झालीच म्हणायची. फक्त बटणं ऱ्हायल्यात."

"दिवाळीत बी बटणंच ऱ्हायली हुती, इलाहीभाई."

*

मागच्या महिन्यात सांगलीचे पाहुणे आले. हळदीचे व्यापारी, थोडंच बोलणारे. रूपाली आणि त्यांचा मुलगा परसात बोलत बसले. बराच वेळ गेला. आत आले तेव्हा दोघंही हसू दाबत होते. रूपाली खाली बघत स्वयंपाकघरात गेली.

मुलाचे वडील म्हणाले, "सुभेदार, आमाला पोरगी पसंत हाय. पोराला बी पसंत हाय. आता तुमी बोला."

इतकं सरळ बोलणं त्या घरात पहिल्यांदाच झालं. मी बापूंकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"सांगलीला उन्हाळा लय," बापू म्हणाले.

"हाय की."

"आन् नदीला पूर येतो."

"येतो एखाद्या साली."

"पाणी घरात शिरतंय म्हणं."

पाहुणे काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून रूपालीचा आवाज आला.

"बापू, मला पोहता येतंय."