वाफेची इस्त्री आणि रऊफभाईंचा कुर्ता

त्या दिवशी ऊन असं तापलं होतं, की जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा सावली बदलायला उठत नव्हतं. सकाळचे दहाच वाजलेले, आणि खिडकीतून येणारा वारा तव्यावरून उठल्यासारखा. अशा दिवशी या म्हाताऱ्याने एक इस्त्री गारच्या गार ठेवून दाखवली! कशी, ते ऐका. हसा, पण चहा सांडू नका.

चोपड्याला बेचाळीस वर्षं मी कोळशाची इस्त्री फिरवली. शाळेत गेलो नाही, पण कापड हाताला लागलं की कळतं, याला किती ऊब झेपेल. आता जळगावात मुलाकडे राहतो. सूनबाईने वाफेची इस्त्री आणली. भाजीला जाताना ती मला समजावू लागली, "आबा, हात लावलाच तर पाणी या रेघेपर्यंतच भरा. झाकण लावा. आणि..."

"माले बठ्ठं मालूम शे!" सगळं ठाऊक असल्याच्या तोऱ्यात मी म्हणालो. तिचं 'आणि' तसंच हवेत राहिलं. सगळा घात त्या 'आणि'त होता, हे तेव्हा कुठे ठाऊक?

ती गेली आणि शेजारचे रऊफभाई आले. कूलर दुरुस्त करतात. हातात पांढरा कुर्ता, चेहरा कुर्त्याहून चुरगळलेला.

"नाना, आपला इस्त्रीवाला गावाला गेलाय. तासाभरात दोंडाईचाची गाडी आहे. सलीमसाठी मुलगी बघायला चाललोय. पोराचा बाप असा गेला, तर ते लोक मुलगी देतील का?"

"आणा इकडे. घडी अशी पाडतो, की व्याही कुर्त्याकडेच बघत बसतील."

वायर भिंतीत खोचली. इस्त्रीसोबत चोच असलेला एक चिमुकला पेला आला होता, त्याने सावकाश पाणी ओतलं. रेघ आली. पण सांगा, रेघेला कोण थांबतं? कोळशाची पेटी आम्ही काठोकाठ भरायचो, तशी हिलाही भरली. झाकण मुद्दाम उघडं ठेवलं. भोक बुजलं की विस्तव गुदमरतो, हे मला कोण शिकवणार!

पाच मिनिटं थांबलो. मग कुर्त्यावर इस्त्री टेकवली. खालून थेंब, थेंब, थेंब.

"नाना, ही गळतेय."

"गळू द्या. घाम येतोय तिला. तापायला लागली."

बोट लावून पाहिलं. माठासारखी गार!

आता काय सांगू तुम्हाला, तिथे डोकं थांबलं आणि हातांनी कारभार घेतला. विस्तव मंदावला की कोळशाची इस्त्री हातात धरून झुलवायची. वारा लागतो, निखारे फुलतात. मग विजेचा झाला तरी विस्तवच ना? आधी भोकात फुंकर मारली. पाणी उलटं माझ्याच चष्म्यावर आलं.

"नाना, राहू द्या. मी तसाच जातो."

"धीर धरा, भाऊ. चोपड्याची विद्या आहे ही. जरा मागे सरका."

पाय रोवले आणि दिला झोका. एक, दोन, तीन! घरभर सडा पडला हो! कॅलेंडर भिजलं, देव भिजले, रऊफभाईंची दाढी भिजली. उरलंसुरलं सगळं पाणी कुर्त्याच्या छातीवर.

दारात सूनबाई उभी, हातात भाजीची पिशवी. तिने मला पाहिलं, इस्त्री पाहिली, मग भिंतीकडे पाहिलं.

"आबा, बटण कोण दाबणार होतं?"

आता बटण दाबून काय उपयोग? रऊफभाईंनी घड्याळ पाहिलं, ओलाच कुर्ता अंगात घातला आणि रिक्षाकडे पळाले. रात्रभर मला एकच घोर. पोराची सोयरीक मोडली, तर तोंड कुठे दाखवू?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेढे घेऊन आले.

"जमलं, नाना! कुर्ता तर स्टेशन येईपर्यंतच वाळला, पण सुरकुत्या अशा, की मुलीचे वडील कुर्त्याकडेच बघत राहिले. म्हणाले, माणूस साधा दिसतो, देखावा नाही. देऊन टाकू पोरगी."

झालं! मी पुन्हा ताठ. "बघा, म्हणालो नव्हतो? व्याही कुर्त्याकडेच बघत बसतील!"

रऊफभाईंनी पेढा माझ्या हातावर ठेवला आणि अगदी अदबीने म्हणाले, "ते खरं, नाना. पण एक विचारू? चोपड्याला गिऱ्हाईक इस्त्रीचे कपडे न्यायला यायचे, तेव्हा दोरी आणि चिमटे घरूनच आणायचे का?"