बिनसीटच्या गाडीचा नॉरिस

नॉरिस आयव्हसनचा पाय मी मोडला.

गावात या घटनेच्या तीन-चार आवृत्त्या फिरतात. एकीत मी प्यायलेला असतो. एकीत गाडीला ब्रेकच नसतात. चॅपलमधल्या बायकांच्या आवृत्तीत तर नॉरिसच मला काहीतरी लागट बोललेला असतो आणि मी सूड घेतलेला असतो. ही शेवटची मला थोडी आवडते, कारण तिच्यात मी निदान धडाडीचा दिसतो. खरी गोष्ट फार साधी आहे. मी दोन गोष्टी विसरलो.

पंधरा दिवस उभी असलेली, ट्रायल नावाच्या खेळाची मोटारसायकल थेट किक मारून चालवायची नसते. आत क्लचच्या चकत्या ओल्या पत्त्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात. आधी गिअर टाकायचा, क्लच दाबून धरायचा आणि गाडी दोन-चारदा पुढेमागे ढकलायची. 'टक्' असा आवाज आला की चकत्या सुटल्या. मग किक. नॉरिसने हे मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की ते आता मला पाठ झालं असणार असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

दुसरी गोष्ट दोरीची. हँडलवर एक बटणाएवढं लोहचुंबक असतं, त्याची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली असते. माणूस पडला की दोरी ओढली जाते, चुंबक निघतं, इंजिन बंद. माझ्या मनगटावर घड्याळ असतं आणि दोरी त्यात अडकते, म्हणून मी ती हँडललाच लटकवून ठेवली होती.

नॉरिसच्या शेडमध्ये मी गाडी किक मारून सुरू केली होती आणि तो पुढच्या चाकाशी गुडघा टेकून तेल कुठून गळतंय ते बघत होता. "घाल पहिला गिअर," तो म्हणाला. मी क्लच दाबला आणि पहिला घातला. दाबलेल्या क्लचची काडीचीही फिकीर न करता गाडी माझ्या हातातून सुटली आणि नॉरिसला घेऊन शेडमधल्या दगडी गव्हाणीवर जाऊन आदळली. मी जागच्या जागी उभा. इंजिन ओरडतंय. गाडीखाली अडकलेल्या नॉरिसने हात वर केला, चाचपत चुंबक शोधलं आणि उपटलं. शांतता झाली.

"चकत्या," तो म्हणाला.

घोट्याचं हाड दोन जागी मोडलं होतं. आठ आठवडे प्लास्टर.

दुसऱ्या कुणाला ही शिक्षा एवढी जड गेली नसती. पण नॉरिस हा बसणारा माणूसच नव्हे. चाळीस वर्षं त्याने आमच्या डोंगरांवर चुन्याशिवाय दगडी कुंपणं रचली, ती उभ्याने. जेवण उभ्याने, खिडकीच्या कठड्याला टेकून. चॅपलमध्ये प्रवचन लांबलं तर तो दाराशी जाऊन उभा राहतो. पाद्री त्यालाच घड्याळ समजून आवरतं घेतात. आणि त्याची गाडी! ट्रायलच्या गाडीला सीटच नसते. ओढ्यातून, शेवाळलेल्या दगडांवरून, माणसाला हातापायांवर चढावं लागेल अशा चढावरून ती उभ्याने चालवायची, चालण्याच्या वेगाने. पहिलं कोण आलं याला किंमत नाही. पाय जमिनीला टेकला की एक गुण गेला. म्हणजे इथे मिळवायचं काहीच नसतं, फक्त गमवायचं नसतं. मला या खेळाचा नाद पन्नाशीत लागला आणि तेव्हापासून मी इतकं गमावलंय, की दर दगडापाशी उभा असलेला पंच मला बघितल्यावर नवी पेन्सिल काढतो.

आसपासच्या तीन खोऱ्यांतल्या गाड्या नॉरिसच्या शेडमध्ये येत. शेड म्हणजे जुना गोठाच. पाटी नाही, फोन नाही. माणूस गाडी भिंतीला टेकवून जाई आणि आठवड्याने चीज नाहीतर अंडी घेऊन परत येई.

आता मुख्य अडचण सांगतो. पाय मोडला, हाड जुळलं असतं. पण अठरा वर्षांपूर्वी त्याच शेडमध्ये रॉकेलच्या शेगडीचा भडका उडून नॉरिसच्या भुवया जळाल्या होत्या. तेव्हा बायकोची, एडनाची, समजूत काढताना तो म्हणाला होता, "ज्या दिवशी त्या शेडमध्ये माझं हाड मोडेल, त्या दिवशी कुलूप घाल. म्हणशील तिथे राहायला येईन." मी तेव्हा शाळामास्तर होतो आणि त्यांच्या लेकीच्या, ग्लेनिसच्या, भूगोलाच्या पेपराबद्दल बोलायला गेलो होतो. एडना माझ्याकडे वळून म्हणाली होती, "मास्तर, ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. म्हणजे साक्षीदारही मी आणि हाड मोडणाराही मीच.

प्लास्टर घालून घरी आणलं त्याच संध्याकाळी एडनाने शेडला कुलूप घातलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. तिलाही दोष देता येत नाही. तिचे गुडघे गेलेले, घराकडे येणारी वाट हिवाळ्यात काचेसारखी होते, आणि नॉर्थॅलर्टन शहरात ग्लेनिसच्या गल्लीतच एक बैठं घर रिकामं झालं होतं. जिना नाही, न्हाणीघरात धरायला दांड्या, मागे फरशी घातलेलं हातरुमालाएवढं अंगण. शेडला जागा नाही. त्या घराचे कागद आले, नकाशासकट. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत दोघांच्या सह्या हव्या होत्या. लिफाफा शेकोटीवरच्या फळीवर, घड्याळामागे उभा राहिला.

मी वकिली करून पाहिली. "नॉरिस, चूक माझी होती. तुझा शब्द तुझ्या चुकीपुरता होता."

"कुणाच्या चुकीने, असं म्हटलं होतं मी?"

"नाही."

"मग झालं."

त्याची खुर्ची स्वयंपाकघराच्या खिडकीशी होती. तिथून अर्धं अंगण दिसे, आणि त्या अर्ध्या अंगणाच्या बरोबर मधोमध शेडचं दार आणि त्यावरचं कुलूप. मी खुर्ची वळवून दिली, तर मग समोर घड्याळ आणि लिफाफा. त्याने ती परत कुलपाकडे वळवायला लावली.

रविवारी पठारावर क्लबची ट्रायल होती. वाऱ्यावर इंजिनांचे आवाज येत होते. नॉरिस डोळे मिटून बसला होता. आवाज चढत गेला, मध्येच अडखळला, परत चढला. "थर्स्टन," तो म्हणाला. "दुसऱ्या दगडावर पाय टेकला. कार्ब्युरेटरचा जेट बुजलाय, तीन आठवड्यांपासून सांगतोय त्याला." एडनाने रेडिओ मोठा केला. नॉरिसच्या प्लास्टरमधल्या पायाचं बोट एकेका गाडीबरोबर हलत राहिलं. ते बघवेना म्हणून मी सरपण आणायच्या निमित्ताने बाहेर गेलो. सरपण भरपूर होतं.

मग गाड्या यायला लागल्या. शेडला कुलूप आहे हे लोकांना कळलं होतं, पण ते मनावर कोण घेतो? एडना म्हणाली, "टेबलावर एक छोटी वस्तू चालेल. एकच." पहिल्या दिवशी ती वस्तू थर्स्टनचा कार्ब्युरेटर होती. चौथ्या दिवशी तो मुरंब्याच्या पातेल्यात उकळत होता, जेट अंड्यांच्या कपांत सुकत होते आणि केक गार करायच्या जाळीवर दुसऱ्या कुणाच्या तरी क्लचच्या चकत्या तेल गाळत बसल्या होत्या. एडनाने भाजलेल्या दह्याच्या टार्टला पेट्रोलचा वास येतोय असं मी बोलून गेलो. एडनाने टार्ट माझ्यासमोरून उचलली आणि त्यानंतर कधीही काहीही पुढे ठेवलं नाही.

मोठी कामं खिडकीखाली, अंगणात. तिथले हात माझे. रोज सकाळी नऊला मी हजर. शिक्षा म्हटली तरी चालेल.

"डावीकडचा बोल्ट."

"हा?"

"तुझं डावं का माझं?"

"तुझं."

"माझं डावं इथे खुर्चीत बसलंय. गाडीचं डावं बघ, मास्तर!"

माझ्याच गाडीचा क्लच मी त्या खिडकीखाली उघडला, चकत्या सोडवल्या, कडांना साठलेला चिकटा खरवडला, हलक्या तेलात भिजवून परत बसवल्या. झाकणाखालून तेल गळू नये म्हणून घालतात ते कागदी गॅस्केट झाकण लावताना फाटलं. नॉरिस म्हणाला जाड कागद आण, कापून देतो. मी बिस्किटाचा खोका आणला. "फार जाड." शाळेच्या नकाशाचा कागद आणला. "फार पातळ. भूगोलात दमच नाही." शेवटी काहीतरी कामचलाऊ कापून दिलं आणि मी किक मारली. गाडी गप्प. आणखी दहा. चाळिसाव्या किकेला माझा शर्ट ओला आणि उजवा पाय नॉरिसच्या पायाच्या बरोबरीला आलेला. वर पाहिलं, तर तो खिडकीच्या काचेमागून निवांत बघत होता. मग त्याने एक हात वर केला आणि दुसऱ्या हाताने मनगटावर टिचकी मारली.

चुंबक लावलंच नव्हतं. ते माझ्या खिशात होतं.

लावल्यावर पहिल्याच किकेला गाडी सुरू झाली, आणि नव्या गॅस्केटमधून तेल माझ्या बुटावर गळायला लागलं. एवढ्या दिवसांत नॉरिस पहिल्यांदा हसला. हसता हसता त्याची नजर पुन्हा कुलपावर गेली, आणि तो थांबला.

आतापर्यंत मी समजत होतो की त्या घरात एकच माणूस अडकलाय. पाचव्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, एडना गात नाहीये. पूर्वी कधीही जा, फाटकापासूनच तिच्या प्रार्थनागीतांचा आवाज येई. तिचा सूर बरा नव्हता, पण जोर होता. आता ती गाऊ लागली की खिडकीपासल्या खुर्चीतून येई, "एडना, आपलं धुण्याचं मशीन तिसऱ्या फेरीला ठोकतंय. बेअरिंग." किंवा, "किटली उकळायला कालच्यापेक्षा जास्त वेळ घेतेय." किंवा नुसतंच, "ते दार हळू लाव, बिजागरी ऐक." तो कुरकुरत नसे. त्याला खरंच ऐकू येत असे. एकदा तिने कणीक लाटताना मागे वळून पाहिलं, तर तो तिच्या लाटण्याकडे डोकं तिरपं करून बघत होता. "काय?" ती म्हणाली. "एका बाजूला झिजलंय," तो म्हणाला.

सह्यांच्या शुक्रवारच्या तीन दिवस आधी तिने मला मोटार काढायला सांगितली. बैठ्या घराच्या पडद्यांची मापं घ्यायची होती.

घर चांगलं होतं. उबदार, स्वच्छ, सगळं हाताशी. एडनाने खिडकीचं माप घेतलं, मला कागदावर लिहायला सांगितलं. मग ती बैठकीच्या मधोमध उभी राहिली.

"त्याची खुर्ची कुठे येईल, मास्तर?"

"इथे, शेकोटीपाशी."

"आणि माझी?"

"ही इथे, समोर."

ती दोन्ही जागांकडे बघत राहिली. मग स्वयंपाकघरात गेली. दार मध्ये नव्हतंच, कमान होती. तिथून तिने मागे पाहिलं. शेकोटीपाशी मी उभा होतो, तिला अगदी स्पष्ट दिसत होतो. तिने गरम पाण्याच्या टाकीखालचं कपाट उघडलं. आत एक झाडू मावला असता. तिने ते बंद केलं.

"सेहेचाळीस वर्षं," ती म्हणाली, "सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच माझं घर माझं होतं. मला वाटायचं शेड फक्त त्याची आहे."

परतताना मापांचा कागद तिच्या मांडीवर होता. वाटेत कुठेतरी तिने त्याची बारीक घडी केली आणि मोटारीतल्या राखेच्या डबीत कोंबली.

आम्ही आत आलो तेव्हा नॉरिस तिचं लाटणं कानसीने घासत होता. एडनाने कोट काढला नाही. सरळ शेकोटीपाशी गेली, घड्याळामागचा लिफाफा घेतला आणि त्याच्यासमोर टेबलावर टाकला.

नॉरिसने लाटणं ठेवलं. कानस ठेवली. हात पुसले. "पेन दे," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हात जरा जास्त वेळ पुसत होता.

"पेन कशाला? तुला जाड कागद हवा होता ना, मास्तरांच्या गॅस्केटला?"

"मी शब्द दिला होता, एडना."

"दिला होतास. मला दिला होतास. म्हणजे तो माझा झाला. माझ्या वस्तूचं काय करायचं ते मी बघेन." तिने एप्रन अडकवला होता तिथे जाऊन खिशातली किल्ली काढली आणि लिफाफ्यावर ठेवली. "प्लास्टर निघायची वाट बघू नकोस. तुझी ही खुर्चीसुद्धा तिकडेच जाऊ दे, मास्तर ढकलतील. आत्ता. चहाच्या आधी. आणि माझं ते पातेलंही घेऊन जा, त्यात आता मुरंबा होणार नाही."

नॉरिसने किल्ली बाजूला सरकवली, लिफाफा उचलला, आतल्या कागदांसकट अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून पाहिला.

"चालेल," तो म्हणाला.

मी खुर्ची ढकलत अंगण ओलांडलं. कुलूप त्याने स्वतः काढलं. अंधाराची सवय होईपर्यंत आम्ही दारातच थांबलो. गव्हाणीवर माझ्या गाडीच्या पायदानाचा ओरखडा अजून ताजा होता. मागे घरातून एडनाच्या प्रार्थनागीताचं पहिलं कडवं ऐकू आलं, जोरात आणि जरा वरच्या पट्टीत.

गॅस्केट त्याने मांडीवरच कापलं. बैठ्या घराच्या न्हाणीघराचा नकाशा आता माझ्या क्लचच्या झाकणाखाली आहे, आणि तेलाचा थेंब गळत नाही. मी गाडी पुढेमागे ढकलली, 'टक्' ऐकलं, किक मारायला पाय उचलला. मन अगदी भरून आलं होतं. सहा आठवडे उरावर असलेला धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं आणि अशा वेळी माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही.

"एका अर्थी बघ, नॉरिस," मी म्हटलं, "मी तुझा पाय मोडला म्हणूनच तुझी शेड वाचली."

"दोरी मनगटाला बांध," नॉरिस म्हणाला.